पुढच्या फळीचा मान

शकू,

काठावर तुला कधी अशी हाक मारली नाही. काठावर तूही विहीणबाई आणि मीही विहीणबाई. तू संतोषची आई, मी जयूची आई. तुमच्या घरात माझी लेक दिलेली, म्हणून मी श्रीगोंद्याहून आले की तू पदर सावरत उठायचीस, आणि मी नको नको म्हणत ओट्यावरच्या एकुलत्या एक खुर्चीत बसायचे. 'शकू' आणि 'सुमे' ही नावं फक्त पाण्यावरची, तुझ्या होडीतली, तीही इंजिन बंद केल्यावर. आज काठावर बसून तशीच हाक मारतेय. कुणी ऐकलं तर ऐकू दे.

तुझ्या दहाव्याला मी काय केलं ते तुला सांगायचंय. खरं तर मी काहीच केलं नाही, आणि तीच लाज गेले कित्येक दिवस गिळतेय.

सगळा गोतावळा धरणाच्या फुगवट्याच्या काठी जमला होता. धरण झालं तेव्हा तुझं माहेर याच पाण्याखाली गेलं. मेल्यावर मला तिथं सोडा, आणि माझ्याच होडीतून न्या, हे तू घरात शंभरदा बजावलेलं. भाताचे पिंड मांडले. कावळे झाडावर बसून नुसते बघत होते. मग सुरू झालं, "तुमच्या नातवंडांना शिकवू", "धाकट्या दिराला सांभाळू", "बोअरचं भांडण मिटवू." एकही हलेना. शेवटी संतोष हात जोडून म्हणाला, "आई, तुला तुझ्याच होडीतनं न्हेतो. आजीच्या गावाला." आणि कावळा उतरला. आता तो भुकेला असेल, नसेल, मला काय ठाऊक. पण बायकांनी डोळ्याला पदर लावले आणि मी खाली मान घातली.

कारण होडी समोरच होती, खुंट्याला बांधलेली. तुझी ती पांढरी फायबरची, मागं इंजिन, बाजूवर तू स्वतः रंगवलेलं कमळ, जे सगळ्यांना कोबी वाटायचं. संतोषनं मासे धरणाऱ्या रामभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "माझ्या तराफ्यातनं न्हेतो की. ह्या इंजिनाच्या नादाला मी न्हाई लागायचा. येकदा भलतीकडं पळालं तर?" संतोष म्हणाला, "न्हाई, आईच्याच होडीतनं." मग रामभाऊंनी सगळ्यांकडं बघत विचारलं, "मंग चालवता कुनाला येती ही?"

मला येते, शकू. तुझ्याइतकीच येते. तुला मिळालं तेच लायसन मलाही मिळालंय. आपण दोघी एकाच दिवशी पास झालो. हे त्या गर्दीत फक्त मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं नाही. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहिले. शेजारी आमचे मालक उभे होते, पलीकडं तुझ्या जावा, माझ्या नणंदा. संतोषनं अस्थींचं मडकं परत फडक्यात बांधलं आणि बांधावरच्या लिंबाला टांगलं. "कुनीतरी मिळंल," तो म्हणाला.

त्यावर जयूनं मला खुर्ची आणून दिली. "आई, तू बस, उन्हात नको उभी राहू." आणि मी बसले, बघ. बसले!

तुला आठवतं का, हे सगळं सुरू कसं झालं? तू मला फोन करून म्हणालीस, "इहीनबाई, कोकनातल्या देवाला जाऊ." मला वाटलं, बरं झालं, ऊस तुटून गेलाय, मालकांनाही दोन दिवस माझ्यापासून सुटका. एसटीत बसल्यावर घाट उतरताना तू सांगितलंस की देव आहेच, पण देवळाच्या पुढं खाडी आहे आणि खाडीवर होडी चालवायला शिकवतात. मी म्हटलं, "उतरते मी." तू म्हणालीस, "उतर की. घाट हाय." आणि खिडकीतून बाहेर बघत बसलीस. असली पाजी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मी नुसती सोबत म्हणून काठावर बसणार होते. पण तुला इंजिनाचा दांडा धरून धडपडताना बघितलं आणि माझा हात शिवशिवला. शिकवणारा मुलगा संतोषहूनही लहान. मी त्याला म्हटलं, मी ट्रॅक्टर चालवलाय, हे काय मोठं! आणि दांडा ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगसारखा जिकडं जायचं तिकडं लोटला. होडी उलटीकडं वळली आणि धक्क्यावर धाडकन आपटली. पोरगं ओरडतंय, "आजी, उलटं! आजी, उलटं!" आणि तू काठावर पोट धरून बसलेली. पोहण्याच्या परीक्षेला जयूचा जुना पंजाबी ड्रेस घातला होता मी, आठवतं? लहानपणी विहिरीत सूर मारणारी मी, पण त्या ड्रेसात पाण्यात शिरताना मला जेवढी लाज वाटली तेवढी लग्नात वाटली नव्हती.

पास झाल्यावर त्या मुलानं समजावून सांगितलं. हे पहिलं, छोटं लायसन. याच्यावर लहान इंजिनाची होडी चालवायची, तीही हौसेपुरती. दिवसाउजेडी. पाणी शांत असेल तरच. काठ नजरेत ठेवून. होडीतल्या प्रत्येकाच्या अंगात जाकीट पाहिजे. भाडं घेऊन माणसं न्यायची नाहीत, मागं दोर बांधून कुणाला ओढायचं नाही, शर्यत लावायची नाही. मी म्हटलं, "मग राहिलं काय?"

तू म्हणालीस, "लई राहिलं, सुमनबाई. आपल्या मनानं निघायचं, आपल्या मनानं थांबायचं, आन् आपल्याला वाटंल तवा माघारी यायचं. ह्यातलं येक तरी केलंय का आजवर?"

मी त्यावर काहीतरी टोचून बोलले असेन. मला उत्तर सापडलं नाही की मी टोचायचे.

परतीच्या एसटीत मी तुझ्याकडून वचन घेतलं. मी शिकले हे कुणाला सांगायचं नाही. तू नाक मुरडलंस, पण पाळलंस. धक्क्यावरचा आपल्या दोघींचा फोटो होता, केशरी जाकिटातला. त्यातली मी कापून टाकून तू एकटीचाच फोटो घरच्या ग्रुपवर टाकलास. मग काय, गावात बोंबाबोंब. आमच्या ओसरीवर मालक म्हणाले, "इहीनबाईंना म्हातारपनी होड्या हाकायचं याड लागलं," आणि चार माणसं हसली. मी आत भाकऱ्या थापत होते. त्या हसण्यात जे माझ्या वाट्याचं होतं तेही तू एकटीनं घेतलंस. त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाहीस, भांडणातसुद्धा नाही, आणि भांडणं तर आपली काय कमी झाली?

होडी आली तो दिवस. सगळी भावकी काठावर. तू होडीला हळदकुंकू वाहिलंस, नारळ फोडलास, मग माझी ओटी भरलीस आणि सगळ्यांच्या देखत म्हणालीस, "इहीनबाई, पुढच्या फळीवर बसा. मान तुमचा." आता त्या मुलानं आपल्याला दहा वेळा सांगितलं होतं की जड माणूस मधे बसवा. माझं वजन तुला ठाऊक, मला ठाऊक. पण विहिणीला मधे कसं बसवायचं, आणि तेही चारचौघांत? आणि मी तरी मधे कशी बसणार? मी ऐटीत पुढं बसले, तू मागं, तू म्हणजे चिपाडासारखी. होडीचं नाक खाली गेलं, बूड वर आलं. तू जोर दिलास तसं पाणी सरळ माझ्या मांडीवर. ओटीतले तांदूळ तरंगायला लागले! काठावरून जयू ओरडतेय, तू ओरडतेयस "मधी सरका, इहीनबाई, मधी सरका," आणि मी गुडघाभर पाण्यात बसून म्हणतेय, "असू द्या, असू द्या, बरं हाय." बरं हाय म्हणे! नाका-तोंडात पाणी गेलं असतं तरी मी मानाची फळी सोडली नसती. डब्यानं पाणी उपसता उपसता आपण दोघी इतक्या हसलो की काठावरच्यांना वाटलं, रडतोय.

तेव्हापासून आपली रीत ठरली. मी तुमच्याकडं आले की सकाळी तू म्हणायचीस, "चला, जरा हवा खाऊन येऊ." लोकांच्या देखत मी पाहुणी, तू चालवणार. टेकाडाच्या आड गेलो की इंजिन बंद, आणि जागा बदलायची. त्या एवढ्याशा होडीत जागा बदलायची म्हणजे दोघींनी वाकून एकमेकींच्या दंडाला धरायचं आणि एकीनं दुसरीला जवळजवळ मिठीत घेऊन फिरायचं. काठावर आपण एकमेकींच्या पायाशिवाय कशाला हात लावला नाही कधी. तिथं तुझ्या केसाच्या तेलाचा वास यायचा. तुझं काळीज धडधडलेलं मला कळायचं.

मग लाल दोरी माझ्या मनगटाला. माणूस पडला तर इंजिन बंद पडावं म्हणून असते ती. तू तिची गाठ राखीसारखी बांधायचीस, वर म्हणायचीस, "वढून बघ." मी दांडा धरायचे आणि शकू, मला काय व्हायचं ते कुणाला सांगता नाही यायचं. पहाटे उठल्यापासून कुणाचा चहा, कुणाची आंघोळ, कुणाचा डबा. ती मी काठावर राहायची. मी डावीकडं लोटलं की उजवीकडं जाणारी ही एवढी मोठी गोष्ट फक्त माझी होती. तू पुढं पाठमोरी बसून थर्मासातला चहा ओतायचीस आणि एकदाही मागं वळून "अशी नको, तशी चालव" म्हणाली नाहीस. माझ्या हातावर इतका भरवसा आजवर कुणी ठेवला नाही.

परत येताना टेकाडाआड पुन्हा जागा बदलायची. एकदा वारा होता, होडी झोके खात होती, आणि मी तरीही म्हटलं, बदलूच. तू मला घट्ट धरून कानात ओरडलीस, "सुमे, तुझ्या लाजंपायी येक दिस दोघी बुडू!"

मी म्हटलं, "बुडू. पण बदलू."

आपलं शेवटचं भांडण अर्धंच राहिलं. तुला त्या दिवशी जुन्या गावावर जायचं होतं. पाणी भरलेलं, खाली काहीच दिसणार नव्हतं, तरी जायचं होतं. कारखान्याची चिमणी आणि टेकडीवरचं देऊळ एका रेषेत आलं की खाली तुझ्या आईचं अंगण, ही खूण तू मला पाठ करून घेतली होतीस. दांडा माझ्या हातात होता. मी म्हटलं, "न्हाई. तिथनं काठ दिसत न्हाई. लायसनात बसत न्हाई."

"पलीकडचा दिसतो की."

"पलीकडचा आपला काठ न्हाई."

"काठ तो काठ! तुला अलीकडचाच का लागतो गं?"

मी होडी वळवली. तू परतीच्या वाटेत बोलली नाहीस, चहाही ओतला नाहीस. धक्क्याला लागल्यावर मात्र काठावर जयू उभी होती म्हणून दोघी हसलो आणि तू म्हणालीस, "इहीनबाई, जपून उतरा." तेच तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. मला नियमाची काळजी नव्हती, शकू. मला दूर जायची भीती वाटली, कारण तिथं जाऊन आले असते तर मला सगळ्यांना सांगावंसं वाटलं असतं.

मग तू ओट्यावर वाटाणे सोलता सोलता गेलीस. घरात, कोरड्या जागी, छातीत कळ येऊन. तरी तेराव्याला बायका म्हणाल्याच, "पान्याची हौस नडली." मी ऐकलं. पुरणाची पोळी मोडत राहिले. पोळी चांगली झाली होती आणि मी ती सगळी खाल्ली, हेही सांगते.

त्याच जेवणात विषय निघाला की होडी विकून टाकू. कुणी चालवणारं नाही, उन्हात तडकून जाईल. पलीकडच्या काठाला एकानं नवीन हॉटेल टाकलंय, त्याला पाहिजे. आणि अस्थी? तराफ्यातून, नाहीतर काठावरूनच. संतोष ताटावरून उठला. पोराचा चेहरा बघवत नव्हता.

काल सकाळी तो हॉटेलवाला आला. ओट्यावर बैठक बसली. मला खुर्ची, हातात चहा. खाली काठावर जाऊन त्यानं होडीला दोन चापट्या मारल्या, म्हशीला मारतात तशा. कमळ बघून म्हणाला, "हा कोबी खोडून टाकू." मग संतोषला म्हणाला, "चालवून दाखवा की येकदा. इंजिन कसंय बघू."

संतोष म्हणाला, "आमच्यात कुनाला येत न्हाई."

का कोण जाणे, पण त्या कोबीनं माझं डोकं फिरलं. दहाव्याला तुझ्या अस्थी समोर असताना मी उठले नाही, आणि तुझ्या कोबीसाठी उठले. याची मला अजून लाज वाटते. उठायचं होतं तर तेव्हाच उठायला हवं होतं. पण उठले. कपबशी खाली ठेवली आणि म्हटलं, "मला येती."

मालक म्हणाले, "काय येती? बस खाली."

"होडी येती. लायसन हाय माझं. शकुंतलाबाईंच्या बरोबरच काढलंय. घरी साड्यांच्या घडीखाली हाय, तुमच्या नाकासमोर."

 जयू माझ्याकडं बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "म्हणून माझा ड्रेस कुबट वास मारत होता!" आणि रडायला लागली, आणि हसायलाही. मालक चष्मा काढून पुसत बसले. हॉटेलवाल्याला मी म्हटलं, "तुम्ही चहा घ्या आन् निघा, दादा. ही इकायची न्हाई."

मग संतोषला म्हटलं, "जावईबापू, मडकं काढा. पानी शांत हाय तवर निघू."

काठावर किती माणसं गोळा झाली म्हणून सांगू. सगळ्यांच्या देखत मी पदर खोचला, जाकीट घातलं, जयू-संतोषलाही घालायला लावलं, आणि मागच्या फळीवर, इंजिनापाशी, जाऊन बसले. श्रीगोंद्याची विहीण मागं बसली. कुणीतरी पलीकडून "अगं बाई" म्हटलेलं ऐकलं. लाल दोरी डाव्या हातानं मनगटाला बांधायला गेले, गाठ बसेना. ती तू बांधायचीस. जयूनं बांधली. तिला "वढून बघ" म्हणायचं माहीत नव्हतं, म्हणून मीच ओढून बघितली.

जयू मधे बसली. संतोष म्हणाला, मडकं मांडीवर घेतो. मी म्हटलं, "न्हाई. पुढच्या फळीवर ठेवा, हातानं धरा. मान त्यांचा."

टेकाडाच्या आड गेलो तेव्हा माझा हात आपोआप इंजिन बंद करायला गेला. जागा बदलायची सवय. मग लक्षात आलं की आता बदलायची गरज नाही, आणि बदलायला कुणी नाही. मी तशीच पुढं गेले. देऊळ सरकत सरकत चिमणीच्या रेषेत आलं. इंजिन बंद केलं. मागं वळून बघितलं, आपला काठ दिसत होता. पुढं पलीकडचाही दिसत होता. शकू, तू बरोबर होतीस. दोन्ही दिसतात तिथून.

संतोषनं फडकं सोडलं. त्याआधी मी एकदा होडीच्या पुढच्या टोकाकडं बघितलं. त्या फळीवर मी बसले होते तेव्हा नाक पाण्यात गेलं होतं. काल तू बसली होतीस, आणि नाक वरच होतं, अगदी वर. मधी सरका म्हणायची वेळच आली नाही.